नवीन कोड सर्व्हरवर कसा चढतो? कॅपिस्ट्रानोची ओळख



आपली बरीच मुलं अकरावी-बारावीत किंवा डिप्लोमाला असतानाच एखादी वेबसाइट बनवतात. घरच्या संगणकावर ती छान चालते. मग ती सर्व्हरवर, म्हणजे दूर कुठेतरी चोवीस तास चालू असणाऱ्या संगणकावर न्यावी लागते. या कामाला डिप्लॉयमेंट म्हणतात. खरी अडचण पहिल्यांदा नेताना येत नाही, दुसऱ्यांदा येते. कारण तेव्हा साइट चालू असते आणि लोक ती वापरत असतात.

हाताने केलं तर काय बिघडतं?

मुलं वहीत उतरवून घेत असतानाच आपण फळ्यावरचं वेळापत्रक एकेक ओळ पुसून बदलायला लागलो, तर काय होईल? काहींच्या वहीत अर्धं जुनं आणि अर्धं नवं येईल. चालू साइटच्या फाइल्स एकेक करून बदलल्या की नेमकं हेच होतं. शिवाय फाइल्स नेणे, लागणाऱ्या लायब्ररी बसवणे, ॲप्लिकेशन पुन्हा सुरू करणे अशा पायऱ्या प्रत्येक सर्व्हरवर कराव्या लागतात. पाच सर्व्हर असतील तर तेच काम पाच वेळा! एखादी पायरी राहून जाणारच.

राहून गेली तर? २०१२ साली अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत नवीन कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातवर चढला, आठवा राहिला. त्या आठव्यावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, तोच जागा झाला. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत भलत्याच ऑर्डरी गेल्या आणि कंपनीचं ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालं. तिथल्या शेअर बाजार नियामकाने २०१३ च्या आदेशात हे नोंदवलं आहे. काम दुसऱ्या कोणी तपासलंही नव्हतं.

कॅपिस्ट्रानो काय करतं?

कॅपिस्ट्रानो हे रुबी भाषेत लिहिलेलं, सर्वांसाठी मोफत असलेलं साधन आहे. जेमिस बक यांनी ते २००५ च्या सुमारास 'स्विचटॉवर' या नावाने आणलं. २००६ मध्ये नाव बदललं. त्याला बटणं नाहीत, खिडक्या नाहीत. टर्मिनलवर 'कॅप प्रॉडक्शन डिप्लॉय' अशी कमांड (अर्थात इंग्रजी अक्षरांत) द्यायची. सगळ्या सर्व्हरची नावं आणि कामाच्या पायऱ्या आधीच फाइल्समध्ये लिहिलेल्या असतात. कॅपिस्ट्रानो एसएसएच या सुरक्षित मार्गाने प्रत्येक सर्व्हरवर जाऊन त्या क्रमाने पार पाडतं. पायरी फसली तर पुढे न जाता थांबतं.

पण त्याची खरी गंमत फोल्डरच्या मांडणीत आहे:

- रिलीजेस – प्रत्येक वेळी इथे एक नवा फोल्डर तयार होतो. त्याचं नाव म्हणजे तारीख आणि वेळ, १४ अंकी. जुन्याला हात लावला जात नाही.
- शेअर्ड – लोकांनी चढवलेले फोटो, पासवर्ड असलेली फाइल अशा कायम राहणाऱ्या गोष्टी इथे ठेवायच्या. नवी आवृत्ती आली तरी त्या जागच्या हलत नाहीत.
- करंट – हा खरा फोल्डर नसून फक्त बोट दाखवणारा दुवा आहे. 'सध्या ही आवृत्ती चालू' एवढंच तो सांगतो.

नवी आवृत्ती बाजूला पूर्ण तयार होते. सगळं नीट झालं की शेवटी 'करंट'चं बोट नव्याकडे वळतं. अर्धं जुनं, अर्धं नवं असा प्रकारच नाही.

आणि नव्यात चूक निघाली तर? 'रोलबॅक'ची कमांड दिली की बोट पुन्हा आधीच्या आवृत्तीकडे वळतं. ॲप्लिकेशन पुन्हा सुरू केलं की जुनी साइट हजर. वेगळं काही सांगितलं नसेल तर शेवटच्या ५ आवृत्त्या जपून ठेवल्या जातात.

मग सगळंच परत फिरवता येतं का?

नाही, आणि हे मुलांना आवर्जून सांगा. रोलबॅक कोड मागे नेतो, माहिती नाही. समजा, नव्या आवृत्तीने डेटाबेसमधला 'पत्ता' हा रकानाच काढून टाकला. आता जुना कोड परत आला तरी तो रकाना शोधत बसेल. पत्तेही गेलेच. म्हणून डेटाबेसची प्रत आधी काढायची आणि रकाना लगेच न काढता एक-दोन आवृत्त्यांनंतर काढायचा. नाइट कॅपिटलमध्येही गडबडीत सातही सर्व्हरवरून नवा कोड काढला गेला, तेव्हा तो जुना कोड तिथेही जागा झाला आणि प्रकरण आणखी चिघळलं. परत फिरायचं कुठे, हे आधी ठरलेलं हवं.

वर्गात करून बघा

यासाठी सर्व्हर लागत नाही. लॅबमधल्या लिनक्स संगणकावर 'रिलीजेस' फोल्डरमध्ये दोन फोल्डर करा. दोन्हीत एकाच नावाचं एकेक वेबपान ठेवा, फक्त मजकूर वेगळा. बाहेर 'करंट' नावाचा दुवा पहिल्याकडे वळवा आणि त्यातून पान ब्राउझरमध्ये उघडा. मग दुवा दुसऱ्याकडे वळवून पान रिफ्रेश करायला सांगा. पत्ता तोच, पान नवं! नंतर विचारा: "आता मागे कसं जाल?" बहुतेक मुलं स्वतःच उत्तर देतील.

पालकांनी मुलांचा प्रोजेक्ट बघताना "चालतंय का?" याबरोबर आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: "बिघडलं तर कालचं परत कसं आणशील?" याचं उत्तर ज्याच्याकडे आहे, तो नवीन काही करून बघायला घाबरत नाही.