वन्संचं नागरिकशास्त्र

नागरिकशास्त्र हा आपल्याकडे बिचारा विषय. शाळेत इतिहासाच्या पाठीला बांधलेला. शिवाजी महाराजांच्या मोहिमा वाचताना मुलं रंगून जायची आणि 'राष्ट्रपतींचे अधिकार' आले की डुलक्या सुरू! परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचं, सकाळी पेपरात उतरवायचं, संध्याकाळी विसरायचं. पुढे मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हाही घरीदारी एकच प्रश्न, "बाईमाणसाला याचा काय उपयोग?"

मैत्रिणींनो, हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे माझ्या मोठ्या नणंदेलाही विचारला गेला. तोही शेहेचाळिसाव्या वर्षी.

आमच्या वन्सं लग्न होऊन टेक्सासला गेल्या त्या नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर बायकोला नोकरीची परवानगी नसे. २०१५ पासून काही जणींना ती मिळू लागली, पण तोवर वन्संचं दोन मुलं, डबे आणि अभ्यास यांत पुरतं गुंतणं झालेलं. २०२३ मध्ये त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारताचा पासपोर्ट सोडावा लागला. त्या दिवशी फोनवर खूप रडल्या. आणि नंतर डोळे पुसून म्हणाल्या, "आता इथलीच झाले ना, मग नुसती राहणार नाही. शिक्षिका होणार."

घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात त्यांनी नाव घातलं. आणि पहिलाच दगड आडवा आला तो 'फेडरल गव्हर्न्मेंट' या विषयाचा. टेक्सासात सरकारी कॉलेजातून पदवी घ्यायची, मग ती शिक्षिकेची असो की इंजिनिअरची, तर राज्यशास्त्राचे सहा क्रेडिट, म्हणजे साधारण दोन विषय, पुरे करावेच लागतात. तसा तिथला कायदाच आहे. देशाची आणि राज्याची, दोन्ही राज्यघटना विद्यार्थ्यानं शिकलेल्या असाव्यात हा त्यामागचा हेतू. भावोजी म्हणाले, "पास होण्यापुरतं वाच. तुला काय करायचंय राजकारणाशी?"

२०२४ च्या सुरुवातीला मी तीन महिने त्यांच्याकडे होते. दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी टेबलाशी बसायचो. पुस्तकाचा खर्चही नव्हता. ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' उपक्रमाचं 'अमेरिकन गव्हर्न्मेंट' हे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. (इंग्रजी जमत असेल तर तुम्हीही बघा, भाषा सोपी आहे.)

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी वन्संनी शंभर प्रश्न पाठ केले होते. त्यातले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर आले की पास. "सिनेटर किती? शंभर. प्रतिनिधी किती? चारशे पस्तीस." उत्तरं तोंडपाठ! पण कॉलेजात सरांनी विचारलं, "शंभरच का?" तिथे गाडी अडली. पहिल्या चाचणीत मार्क इतके कमी पडले की वन्सं विषय सोडून द्यायला निघाल्या. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. त्यात आपणच नापास झालो तर मुलांना तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती.

मग आम्ही 'का' पासून सुरुवात केली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहायला मंडळी जमली तेव्हा छोट्या राज्यांना भीती होती की मोठी राज्यं आपल्याला गिळतील. आपल्याकडे वाटणीच्या वेळी धाकट्या भावाला वाटते ना, तशीच! तोडगा असा निघाला, की एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोनच. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या होती ३ कोटी ९५ लाख आणि वायोमिंगची जेमतेम पावणेसहा लाख. सिनेटर मात्र दोघांचेही दोन-दोनच.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा हिशेबही तसाच वाकडा. मतं लोक देतात, पण मोजणी होते राज्यवार. एकूण ५३८ निर्वाचक, त्यातले २७० मिळाले की जिंकला. म्हणून तर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळूनही त्या हरल्या. आणखी एक फरक मला फार रंजक वाटला. आपला पंतप्रधान संसदेत बसतो, बहुमत गेलं की पायउतार होतो. तिथे राष्ट्राध्यक्ष संसदेचा सदस्य असूच शकत नाही. त्यानं एखादं विधेयक नाकारलं तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं जमवून संसद ते मंजूर करू शकते. कुणा एकाच्या हातात सगळ्या किल्ल्या द्यायच्या नाहीत, हा त्या घटनेचा गाभा.

बायकांचा धडा आला तेव्हा मात्र आम्ही दोघीही गप्प झालो. जगाला लोकशाही शिकवणाऱ्या या देशात बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये, घटना लिहिल्यावर १३३ वर्षांनी. घटनादुरुस्तीला ३६ राज्यांची संमती हवी होती. छत्तिसावं राज्य टेनेसी. तिथे पारडं अगदी काठावर. हॅरी बर्न नावाचा चोवीस वर्षांचा आमदार विरोधकांत गणला जात होता. पण त्याच्या खिशात आईचं पत्र होतं, बायकांच्या बाजूनं मत दे असं सांगणारं. पोरानं आईचं ऐकलं आणि दुरुस्ती पार पडली! तरीही दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना मतपेटीपर्यंत पोचू दिलं गेलं नाही. साक्षरतेच्या परीक्षा, मतदानावरचा कर, धाकदपटशा... हे अडथळे मोडायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत आजी-पणजी रांगेत उभ्या होत्या. ते आपल्याला आयतं मिळालं, म्हणून त्याची किंमत कळत नाही का?

आणि हक्क मिळाला म्हणजे कायमचा, असंही नाही. गर्भपाताचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये मान्य केला आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं तो निकाल फिरवला. विषय राज्यांकडे गेला. टेक्सासात गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली, तर दुसऱ्या काही राज्यांत मुभा राहिली. मत काहीही असो, पण ज्या घरात वयात आलेली लेक आहे त्या घराला हे 'राजकारण' म्हणून सोडून देता येईल? वन्संना सतरा वर्षांची मुलगी आहे. त्या दिवसापासून भावोजींचं "तुला काय करायचंय" बंद झालं.

वन्संना खरा धीर दिला तो एका 'सी' ग्रेडनं. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठात ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्यानं अशाच सरकारविषयक वर्गासाठी एक निबंध लिहिला. १७८९ मध्ये मांडलेली एक घटनादुरुस्ती अर्धवट पडून आहे, ती अजूनही मंजूर होऊ शकते, असं त्याचं म्हणणं. खासदारांनी वाढवलेला स्वतःचा पगार पुढची निवडणूक झाल्यावरच लागू व्हावा, अशी ती दुरुस्ती. निबंधाला 'सी' मिळाला. पठ्ठ्यानं हाय खाल्ली नाही. राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहीत सुटला. १९९२ मध्ये ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती झाली! आणि २०१७ मध्ये विद्यापीठानं त्याचा ग्रेड बदलून 'ए' केला. हे वाचून वन्सं म्हणाल्या, "अगं, मग माझे मार्क काही जगबुडी नाही."

सरांनी दिलेला एक गृहपाठ मला सगळ्यांत आवडला. आपले प्रतिनिधी कोण, ते एका कागदावर लिहा. दोन सिनेटर, एक काँग्रेस सदस्य, राज्यातले आमदार, काउंटीतले अधिकारी, शाळा मंडळाचे सदस्य. आणि एखाद्या जाहीर सभेला जाऊन या. वन्सं शाळा मंडळाच्या सभेला गेल्या. तिथे नागरिकांना ठरावीक मिनिटं बोलता येतं. धाकट्याच्या शाळेसमोर रस्ता ओलांडून द्यायला माणूस नव्हता, गाड्या सुसाट. वन्सं उठल्या आणि तीन मिनिटं बोलल्या, आपल्या इंग्रजीत. हात थरथरत होते म्हणे. आणखी काही पालकांनीही पत्रं दिली. नव्या शैक्षणिक वर्षात तिथे माणूस उभा राहिला. विषयात 'बी' मिळाला, पण त्यांना जास्त कौतुक त्या माणसाचं!

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी पहिलं मत दिलं. मतपत्रिका हातभर लांब. राष्ट्राध्यक्षापासून न्यायाधीशांपर्यंत, कारण टेक्सासात न्यायाधीशही निवडून येतात. मत देताना मोबाइल वापरता येत नाही, कागद चालतो. वन्संनी दोन संध्याकाळी बसून एकेका नावाची माहिती काढली होती. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मराठी बाईला हा विषय परका नाही बरं का. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत राहिल्या, हिंडल्या आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. त्यात तिथल्या राज्यकारभारावर प्रकरण आहे, बायकांच्या स्थितीवरही आहे. त्याआधी १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून तिथल्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले.

परत आल्यावर मी वन्संचा तो गृहपाठ आमच्या बचत गटात दिला. आपला खासदार, आमदार, नगरसेवक, झेडपी सदस्य यांची नावं लिहा म्हटलं. खासदाराचं नाव बहुतेकींना आलं. खाली उतरू लागलो तसे कागद कोरे राहू लागले. आणि पाणी, गटार, दिवाबत्ती, अंगणवाडी यांचे प्रश्न तर खालीच सुटायचे असतात! महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. अमेरिकेत असं आरक्षण नाही. पण राखीव खुर्चीवर बसलेल्या बाईऐवजी तिचे 'हे'च सही कुठे करायची ते सांगत असतील, तर त्या खुर्चीचा काय उपयोग? तिला जाब विचारायला आणि तिच्या पाठीशी उभं राहायला आधी तिचं नाव तरी आपल्याला माहीत हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. एक कागद घ्या, नावं लिहा, शक्य असेल तिथे फोन नंबरही. येत नसलेली नावं शेजारणीला विचारा, तिला येत नसतील तर दोघी मिळून ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारा. आणि तो कागद स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाशेजारी लावा. दूध कमी आलं तर आपण लगेच विचारतोच की!