क्रांती चौकातून प्रवरेच्या उगमाकडे

दिवाळीची सुटी जवळ आली की संभाजीनगरात एक चर्चा ठरलेली असते. कोणी मनालीचं पॅकेज काढतं, कोणी काश्मीरचं. हिशेब माणशी तीस-चाळीस हजारांवर गेला की सगळे गप्प होतात आणि म्हैसमाळला जाऊन भजी खाऊन येतात. म्हैसमाळ वाईट नाही. पण खरा सह्याद्री पाहायचा असेल, खिशात दोनेक हजार रुपये असतील, दोन-तीन दिवसांची रजा असेल आणि मागच्या सीटवर कुरकुर न करणारा एखादा मित्र असेल, तर प्रवरेच्या उगमाजवळच्या रतनवाडीला जा. क्रांती चौकापासून अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. कायगावपासून पुढे रस्ता प्रवरेच्या खोऱ्यातून चढत जातो, आणि आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यात या नदीचा मोठा वाटा आहे. तिच्या काठाने उलट वर जायचं, इतकाच या सहलीचा नकाशा.

क्रांती चौकातून निघायची सवय शहराला आहेच. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या छावणीतल्या घोडदळाने बंड केलं आणि पकडलेल्या शिपायांना देहदंड झाला. जवळचा काळा चबुतरा त्याची खूण आहे. ९ ऑगस्ट २०१६ ला मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा इथूनच निघाला. शिवाजी महाराजांचा आजचा उंच पुतळा २०२२ चा. सकाळी सहाच्या आत इथून निघालं तर उड्डाणपूल रिकामा मिळतो. आठनंतर बाबा पेट्रोल पंपापर्यंत पोचायलाच दमछाक होते.

माझा मित्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. सगळी नोकरी कालवे आणि बंधारे यांच्यात गेली, त्यामुळे चहा किती सांगायचा हेही तो क्युसेकमध्ये विचारतो. आम्ही दोघेही साठीच्या अलीकडे-पलीकडे. गाडी एकशेपंचवीस सीसीची, पंचावन्नचं अ‍ॅव्हरेज देणारी. चारचाकी असणाऱ्यांनी समृद्धी महामार्गाने इगतपुरीकडे उतरून घोटीमार्गे यावं, तासांचा हिशेब त्यांच्या बाजूचा आहे. दुचाकीला समृद्धीवर बंदीच आहे. आणि समजा सोडलं असतं तरी मी गेलो नसतो. त्या रस्त्यावरून नदी दिसत नाही.

नगर नाका, गोलवाडी, एएस क्लब, मग वाळूज. १९८५ पासून इथे बजाजचा कारखाना आहे आणि वाळूजचा सगळा पट्टा त्याच्या भोवती वाढला. लिंबेजळगावचा टोलनाका दुचाकीला माफ. दहेगाव बंगला, ढोरेगाव, भेंडाळा फाटा करत दीड तासात कायगाव टोका येतं. पुलावर गाडी कडेला घ्या आणि उतरा.

इथे गोदावरी आणि प्रवरा मिळतात. पावसाळ्यानंतर पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागराचा फुगवटा इथवर मागे सरकतो, म्हणून पाणी वाहतं की थांबलंय हे चटकन कळत नाही. टोक्याचं अठराव्या शतकातलं सिद्धेश्वर मंदिर घाटावर उभं आहे. दगडावरचं कोरीवकाम फार सुंदर, भोवतालची निगा मात्र तितकी नाही. इकडे एक कथा सांगतात. समुद्रमंथनानंतर देवांच्या पंगतीत शिरलेल्या राहूचा वध नेवाशाला झाला, शिर राहुरीला पडलं आणि धड कायगावला. अमृत वाटणारी मोहिनी नेवाशात मोहिनीराज होऊन राहिली. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात ते या कथेमुळे.

मित्राला राहूपेक्षा फुगवट्यात रस. "हे पाणी इथून पैठणला, पैठणहून पंपाने तुझ्या टाकीत," तो म्हणाला. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ ला झाली. धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी. धरण आपलं, पण ते भरणारा पाऊस आपल्याकडे पडत नाही. संभाजीनगरला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि आपण निघालोय त्या घाटघर-रतनवाडीला पाच हजारांच्या घरात. मधल्या नेवासे-श्रीरामपूर भागाला सह्याद्रीने आडोसा धरलेला, तिथे पाचशे झाला तरी लोक समाधानी. पश्चिमेच्या कड्यावर ढग रिकामे होतात आणि ते पाणी उतारावरून आपल्याकडे येतं. अर्थात वाटेत त्याला गिऱ्हाइकं फार.

नेवाशात ज्ञानेश्वर मंदिरातल्या पैस खांबापाशी थोडं बसावं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, इथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. खांबाला टेकून बसलेली वारकरी माणसं भेटतात. कोणी घाई करत नाही, कोणी पैसेही मागत नाही. स्वस्त सहलीत हे लक्षात राहतं.

नेवासे सोडून टाकळीभानमार्गे श्रीरामपूरकडे वळलं की दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो. पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात डोक्यावरून जाणारा ऊस! हे भंडारदऱ्याचं काम. १९२६ साली धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी हा पट्टा बागायती केला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना आधीच आला होता. नंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप निघालं. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची ही सुरुवात. प्रवरानगरच्या शाळा, कॉलेजं, दवाखाने पाहिले की पाण्याचं भांडवल कसं होतं ते कळतं. तेच पाणी खाली सोडायची वेळ आली की इथली गावं रस्त्यावर का उतरतात, हेही कळतं.

कारण भांडण साधं नाही. २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा समन्यायी वाटप सांगतो. २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाने त्याचं कोष्टक बसवलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये असंच ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला. त्यात भंडारदरा-निळवंडे धरणांचा वाटा ३.३६ टीएमसी होता. श्रीरामपूरच्या टपरीवर आम्ही चहा पीत होतो, तेव्हा मित्राने संभाजीनगरचं नाव घेतलं. टपरीवाला हसून म्हणाला, "म्हणजे आमचं पाणी प्यायला आलात." मित्राने लगेच दुसरा कप सांगितला आणि वाद मिटला. आमचं प्रामाणिक मत असं, की आपल्याकडे नळाला आठवड्याने पाणी येतं याचं खापर वरच्या शेतकऱ्यावर फोडणं सोपं आहे. नाथसागर काठोकाठ भरलेल्या वर्षीही आपल्या घरात पाणी आठवड्यानेच येतं, त्याचं उत्तर श्रीरामपुरात नाही.

या काठावर माणूस उसाच्या फार आधीपासून आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं खोड खणताना चार कांस्यशिल्पं सापडली. रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा, सगळी चाकांवरची. संगमनेरजवळच्या जोर्व्यात १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि दख्खनच्या ताम्रपाषाण संस्कृतीला या छोट्या गावाचं नाव मिळालं. जोर्व्यात उतरून पाहण्यासारखं आज फारसं काही नाही. तरी नदीकाठी जाऊन या, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याने ही जागा का निवडली असेल ते सांगावं लागत नाही.

संगमनेरला जेवण. गाव मोठं, गर्दी फार, पुढे चला. इथून आपण कोल्हार-घोटी रस्त्याने पश्चिमेला लागलेलो असतो. कळस, अकोले आणि मग विठा घाट. घाट चढताच हवा बदलते. ऊस मागे पडतो, भाताची खाचरं दिसू लागतात. ऑक्टोबरात भात पिवळा पडत आलेला असतो, बांधावर तेरडा आणि उतारावर उरलीसुरली सोनकी. अकोले तालुक्यातच कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राजूरला पेढे घ्या. खव्याचे, थोडे करपट चवीचे, शहरातल्या पेढ्यांसारखे नुसते गोड नाहीत.

रंधा धबधबा धरणाच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे पावसाळा ओसरला की तो किती पडेल हे बऱ्याच अंशी वरून सोडलेल्या पाण्यावर ठरतं. कठड्याबाहेर जाऊन फोटो काढू नका, इथे माणसं गेली आहेत.

मग शेंडी आणि भंडारदरा. १९१० साली काम सुरू झालं आणि डिसेंबर १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. २०२६ हे शंभरावं वर्ष. दगडी भिंत, उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले आणि तिला मागून टेकू देऊन बळकट करावं लागलं. मित्र त्या टेकूंकडे इतका वेळ पाहत होता की शेवटी मीच चहा सांगितला. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजाच्या या बंडखोराला इंग्रजांनी २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. क्रांती चौकातल्या बंडाच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट, आपल्या शाळांत मात्र क्वचित सांगितली जाते.

शेंडीहून जलाशयाला वळसा घालत रतनवाडी. रस्ता अरुंद आणि काही जागी उखडलेला. गावात शिरताच अमृतेश्वराचं मंदिर. झंज राजाने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली आणि प्रवरेचं हे, असं सांगतात. खांबांवरचं कोरीवकाम पाहत तास जातो. शेजारची पुष्करणी अजून पाणी धरून आहे.

मुक्कामाला गावात घरं आणि तंबू मिळतात. आठवड्याच्या मधल्या वारी गेलं तर दोन वेळचं जेवण धरून माणशी हजाराच्या आत भागतं. शनिवारी तेच तंबूवाले दुप्पट सांगतात. आम्ही राहिलो त्या घरातल्या मावशींनी नागलीचं पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढली, ती गरम असतानाच मळली आणि हातावर थापून तव्यावर टाकली. भाकरी उलटायच्या आधी वरून पाण्याचा हात फिरवला. सोबत पिठलं, भात आणि लसणाचा ठेचा. जेवताना त्यांनी सांगितलं, की एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. समोर ११ टीएमसीचं धरण, पाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि तरी उन्हाळ्यात हंडा. मुरूम आणि कातळ पाणी धरत नाही, ते सगळं खाली आपल्याकडे निघून येतं. टीएमसीवर तासभर बोलणारा माझा मित्र त्यावर काही बोलला नाही.

सकाळी रतनगड. उंची १,२९७ मीटर. वाट प्रवरेच्या ओढ्याला धरून जाते, तो पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. इथे ही नदी टाच भिजेल एवढीच असते. पुढे दाट झाडी, मग लोखंडी शिड्या, गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा आणि माथ्यावर ते नेढं, कातळातलं आरपार भोक, ज्यातून वारा माणसाला मागे ढकलतो. समोर अलंग-मदन-कुलंग, उजवीकडे १,६४६ मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सर्वोच्च शिखर. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणातून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला टोक्याला गोदावरीत शिरतो आणि नशीब असेल तर बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. मधे आपण त्यातला काही पैठणला अडवतो. गुडघे कुरकुरत असतील तर शिड्या टाळून ओढ्यापर्यंतच जा, त्यात कमीपणा नाही.

आता पैशाचं बोलू. जाऊन-येऊन आणि इकडे-तिकडे फिरून पाचशेच्या पुढे किलोमीटर झाले, नऊ-दहा लिटर पेट्रोल, म्हणजे दोघांत हजाराच्या आसपास. एक मुक्काम, वाटेतला चहा-नाश्ता, वनखात्याची प्रवेश फी धरून माणशी दोन हजारांत सगळं बसलं. गाडी नसेल तर एसटीने संगमनेर गाठा, तिथून अकोले-राजूर गाड्या आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. मैत्रिणी-मैत्रिणी निघाल्या तर आमच्यापेक्षा स्वस्तात जाऊन येतील. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पासही आहे, चार किंवा सात दिवसांचा.

मे-जूनच्या काजव्यांच्या दिवसांत मात्र इकडे येऊ नका, असं मी सांगेन. हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात हे खरं, पण रात्री मोटारींच्या दिव्यांची आणि स्पीकरची जी जत्रा भरते, तिच्यात काजवा दिसत नाही आणि टिकतही नाही.

आणि परतताना लोणी-श्रीरामपूरचा पट्टा उजेडातच ओलांडा. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झालेला असतो, उसाच्या जोडट्रॉल्यांना मागे दिवा असेलच याची खात्री नाही, आणि उसात बिबट्या असतोच. टाकी राजूरला भरून घ्या, थोडे सुटे पैसे रोख ठेवा आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या परत आणा. त्या ओढ्यात टाकलेली बाटली वाहत आली तर आपल्याच नाथसागरात येणार आहे.