फोनच्या पोटात : लेखांक 9 – राहून गेलेली खतावणी

22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत चढलं, तेव्हा माळ्यांवर आणि गच्च्यांवर अडकलेल्यांनी ते फोनवर टिपलं. वीज नाही, बॅटरी संपत आलेली. अशा वेळी चित्रण चालू असतानाच फोन बंद पडला, तर मागे एक विचित्र फाइल राहते. नाव दिसतं, आकार दिसतो, पण ती उघडत नाही. ‘खराब झाली’ म्हणून माणसं ती पुसून टाकतात. तशी एखादी तुमच्याकडे असेल तर कृपा करून पुसू नका. पूर बहुधा तिच्यात तसाच आहे.

नावापुढे ‘एमपी4’ दिसतं, ते चित्राचं नाव नव्हे, डब्याचं. ॲपलच्या क्विकटाइमवरून बेतलेला हा डबा 2001 पासून प्रमाण म्हणून वापरात आला. आत चित्र एका कप्प्यात, आवाज दुसऱ्यात. चित्र दाबून भरायची रीत वेगळी, तिला कोडेक म्हणतात. सर्वांत रुळलेला कोडेक एच.264, 2003 चा.

दाबायचं कशाला? फुल एचडीच्या एका चित्रात 20,73,600 ठिपके असतात आणि सेकंदाला अशी 30 चित्रं. न दाबता ठेवली तर एका मिनिटाला 11 जीबी लागतील. फोन तेच साधारण सव्वाशे एमबीत बसवतो. एक चित्र पूर्ण लिहायचं, पुढच्यांत फक्त काय बदललं तेवढंच, ही त्यातली मुख्य युक्ती. समोरची भिंत हलत नाही, तिची पुन्हा नोंद लागत नाही. पुराचं पाणी मात्र कणाकणाने बदलतं, वरून पाऊस. कोडेकला वाचवण्यासारखं फार थोडं उरतं, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या पुराच्या चित्रणात पाण्याचे चौकोनी डाग पडतात. मूळ फाइल पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तशी ती पुन्हा दाबली जात नाही.

आता न उघडणाऱ्या फाइलकडे. चित्रण चालू असताना फोन माल डब्यात टाकत जातो. कोणतं चित्र कुठून सुरू होतं, आवाज कुठे, याची यादी तो सहसा शेवटी, आपण थांबवल्यावर लिहितो. दिवसभर माल आत घ्यावा आणि खतावणी रात्री दुकान वाढवताना करावी, तसं. बॅटरी मध्येच गेली की खतावणी राहते. माल आत असून प्लेअरला सापडत नाही.

यादी शाबूत असूनही चित्र काळं दिसत असेल, तर दुखणं कोडेकचं. अलीकडचे बरेच फोन एचईव्हीसी या वेगळ्या कोडेकमध्ये लिहितात आणि जुन्या संगणकाला ते वाचता येत नाही. तिथे व्हीएलसी हा मोफत प्लेअर बहुतेकदा पुरतो.

खतावणी नसलेल्या फाइलला व्हीएलसी सहसा पुरत नाही. त्यासाठी ‘अनट्रंक’ हे मोफत साधन आहे. ते एक धड फाइल नमुन्याला घेतं, तिच्यावरून मालाची ठेवण ओळखतं आणि तुटक्या फाइलची यादी नव्याने बांधतं. दरवेळी यश येतंच असं नाही, म्हणून आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवरच करा. नमुना मात्र त्याच फोनचा, त्याच सेटिंगचा हवा. तेव्हा तो जुना फोन एवढ्यात मोडीत देऊ नका. चालू होत असेल तर चार्ज करा आणि अंगणाचं मिनिटभर चित्रण करून ठेवा.