रात्री दोनला आलेला यात्रेकरू कोणत्या तारखेचा?

उज्जैनच्या मराठी घरांत एकाच दिवसाची दोन नावं लहानपणापासून पाठ असतात. इथला श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, आपला अमावास्येनंतर. त्यामुळे शेजाऱ्यांचे श्रावणी सोमवार पंधरा दिवस आधी सुरू होतात आणि आपला निम्मा श्रावण त्यांच्या भादव्यात जातो. महाकालेश्वराची सवारी श्रावणाबरोबर भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही निघते, ती शिंद्यांच्या काळापासूनची मराठी रीत म्हणून, असं इथली जुनी मंडळी सांगतात. घरात कुणी ‘सोमवार कधीपासून?’ असं विचारलं, की आधी ‘कुणाचे?’ असा उलट प्रश्न येतो.

डेटाबेस असा उलट प्रश्न विचारत नाही. त्याला जे सांगितलेलं नसतं, ते तो स्वतःच ठरवून मोकळा होतो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मंदिराजवळच्या एका यात्री निवासाच्या मालकांनी मला बोलावलं. सॉफ्टवेअर बाहेरच्या कुणाकडून करून घेतलेलं, ती माणसं आता फोन उचलत नव्हती. काउंटरवर रात्री बाराला गल्ला मोजून बंद करायची पद्धत होती. जुलैतल्या दर रविवारी गल्ल्यात सॉफ्टवेअरपेक्षा पैसे कमी भरायचे आणि सोमवारी जवळजवळ तेवढेच जास्त. मुनीमजींचा निष्कर्ष तयार होता: संध्याकाळच्या पाळीचा मुलगा रविवारी पैसे उचलतो आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप परत टाकतो. त्यात महिन्याची बेरीज काढली, तर सॉफ्टवेअरमध्ये जवळपास एका दिवसाची जमा गायब! म्हणजे पावत्याही खोडतो, असं ठरलं. मुलाचा जुलैचा पगार अडकवून ठेवला होता.

मी मुनीमजींकडून रविवार-सोमवारच्या पावत्या मागवल्या आणि वेळेच्या क्रमाने लावल्या. पावत्या सगळ्या होत्या, एकही खोडलेली नव्हती. गोंधळ तारखेचा होता.

सर्व्हर होता क्लाउडवर आणि त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. उज्जैनला सोमवारी पहाटेचे दोन वाजतात तेव्हा त्या घड्याळात रविवारच्या रात्रीचे साडेआठ असतात. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातली प्रत्येक पावती आदल्या तारखेला पडत होती. कापडाच्या दुकानात हा दोष वर्षानुवर्षं कळणार नाही, कारण त्या वेळात दुकान बंद असतं. पण महाकालची भस्मारती पहाटे असते, श्रावणी सोमवारी तर नेहमीपेक्षा लवकर. यात्री निवासाला सगळ्यात जास्त गर्दी नेमकी त्याच साडेपाच तासांत. सोमवारच्या पहाटेचे पैसे रविवारच्या नावावर चढत होते, गल्ल्यात मात्र ते बारा वाजून गेल्यावर, म्हणजे सोमवारीच येत होते.

महिन्याच्या बेरजेतला घोळ वेगळा होता. प्रश्न लिहिला होता: १ जुलै आणि ३१ जुलै यांच्या ‘बिट्वीन’ असलेल्या पावत्या आण. वाचायला अगदी सरळ. पण रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल, तर नुसत्या ‘३१ जुलै’चा अर्थ डेटाबेस ‘३१ जुलै, शून्य वाजून शून्य मिनिटं’ असा लावतो. त्यानंतरचा सगळा दिवस बाहेर. २०२३ मध्ये ३१ जुलैला सोमवार होता, तोही श्रावणी. गर्दीचाच दिवस गळाला!

अशा वेळी बरेच जण शेवटच्या तारखेपुढे २३:५९:५९ चिकटवतात. मला ते पटत नाही. रकाना सेकंदाचे अंश ठेवत असेल, तर त्या शेवटच्या सेकंदातली पावती तरीही निसटते. वरची हद्द नेहमी ‘पुढच्या दिवसाच्या आधी’ अशी लिहावी: १ जुलै किंवा त्यानंतर, आणि १ ऑगस्टच्या आधी. त्या दोन्ही मध्यरात्री आपल्या, म्हणजे भारतीय वेळेच्या, हेही त्याला सांगावं लागतं. यूटीसीत ते ३० जूनचे साडेसहा ते ३१ जुलैचे साडेसहा होतात, दोन्ही संध्याकाळचे. काही जण प्रत्येक नोंदीतून तारीख कापून काढून तिची तुलना करतात. उत्तर बरोबर येऊ शकतं, पण रकान्याच्या इंडेक्सचा सहसा उपयोग होत नाही आणि मोठ्या टेबलावर रिपोर्ट रेंगाळतो.

बदल दोन-चार ओळींचाच होता. जुलैचा रिपोर्ट पुन्हा काढला, मुनीमजींनी वही घेऊन एकेक दिवस ताडून पाहिला. सगळे जुळले. मालकांनी मुलाला बोलावून पगार हातात दिला. मुनीमजी काही बोलले नाहीत, पण चहा त्यांनीच सांगितला.

मला मात्र वेगळीच गंमत वाटत होती. आपल्या प्राचीन ज्योतिषांची मध्यरेखा लंकेवरून उज्जैनवर येते. रेखांशाचा शून्य इथला. आणि इथल्याच गल्ल्याची तारीख ग्रिनिच ठरवत होतं. आजही जयसिंहांच्या वेधशाळेत सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचली, तर ती उज्जैनची स्थानिक वेळ असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, आपण पावणेशहात्तरच्या आसपास, म्हणून आपलं घड्याळ सूर्याच्या सरासरी २७ मिनिटं पुढे. (ही वेधशाळा १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात दुरुस्त झाली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक होते. शाळेच्या सहलीत हे कुणी सांगत नाही.) दिवस कुठून मोजायचा हा वादही जुना आहे. खुद्द आर्यभटाच्या नावावर दोन पद्धती आहेत, एक सूर्योदयापासून आणि एक मध्यरात्रीपासून.

मालकांनाही शेवटी हेच विचारावं लागलं. रात्री दोनला येऊन आरतीनंतर खोली सोडणारा यात्रेकरू रविवारचा धरायचा की सोमवारचा? ते म्हणाले, पैसे मध्यरात्रीच्या हिशेबाने, खोली दुपारी बाराच्या. म्हणून पावतीवर आता दोन रकाने आहेत: पैसे घेतल्याची वेळ, साडेपाच तासांच्या फरकासह, आणि खोलीचा दिवस, नुसती तारीख.

मुनीमजींना आणखी एक रिपोर्ट हवा होता, ‘श्रावणाचा’. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे इथला श्रावण ४ जुलै ते ३१ ऑगस्ट आणि आपला निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू. मी श्रावणाचं बटण काही केलं नाही. ‘या तारखेपासून’ आणि ‘या तारखेच्या आधी’ असे दोन चौकोन दिले, ते पंचांग बघून भरतात.