वादळ नरसापूरला, मग गाडी इथली का रद्द?

बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की खुलताबादेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "इथं तर कडक ऊन पडलंय, मग गाडी रद्द कशी? रेल्वेला काय, निमित्तच पाहिजे." वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी येणाऱ्या आंध्रातल्या यात्रेकरूंनी लॉजची बुकिंगं फिरवली की हेच वाक्य आणखी चढ्या आवाजात येतं. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून गाडीचा निकाल लावायची ही सवय आता सोडली पाहिजे.

गाडी मुळात इथली नसतेच. आपण घाट उतरून संभाजीनगरला जातो आणि तिथे नरसापूर–नगरसोल एक्सप्रेसमध्ये बसतो. हे नरसापूर आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळ. आपल्या पैठणवरून गेलेली गोदावरी तिथे समुद्राला मिळते. तिथून निघालेली गाडी सिकंदराबाद, नांदेड, परभणी, जालना करत दुसऱ्या दिवशी संभाजीनगरला पोचते आणि पुढे नगरसोलला थांबते. परतीच्या फेरीला हेच डबे लागतात. नरसापूरहून गाडी सुटलीच नाही, तर नगरसोलहून काय सोडणार? म्हणूनच कधी कधी वादळ ओसरून तिकडेही ऊन पडलेलं असतं आणि इकडची परतीची फेरी मात्र रद्द असते. यात निमित्त शोधायचा प्रश्न येतोच कुठे?

२८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री 'मोंथा' चक्रीवादळ किनारा ओलांडून आलं ते नरसापूरच्याच जवळून, अशी हवामान विभागाची नोंद आहे. दक्षिण मध्य रेल्वेने गाड्या त्याआधीच रद्द करायला घेतल्या होत्या. आपला नांदेड विभाग याच रेल्वेत मोडतो. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यापासून कितीतरी आत, तेलंगणातल्या डोर्नकल जंक्शनमध्ये रुळांवर पाणी चढलं.

वाऱ्यापेक्षा पाण्यानेच रूळमार्ग जास्त उखडतो, आणि ते पाणी पाडायला नावाचं वादळही लागत नाही. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास गेल्याशिवाय चक्रीवादळ म्हणत नाहीत, नावही देत नाहीत. ३१ ऑगस्ट २०२४ च्या रात्री उपसागरातून आत आलं होतं ते कमी दाबाचं तीव्र क्षेत्र त्या मापाला पोचलेलंच नव्हतं. तरीही तेलंगणात महबूबाबाद जिल्ह्यातल्या केसमुद्रमजवळ त्याच्या पावसाने रुळांखालची खडी आणि माती वाहून गेली. स्लीपरसकट रूळ हवेत लोंबत राहिले आणि खालून पाणी धो धो वाहत होतं. शेकडो गाड्या रद्द झाल्या. पुढे तोच पाऊस परभणी, हिंगोली, नांदेडवर कोसळला. "वादळ तिकडे, आपल्याला काय" म्हणणाऱ्यांनी परभणीकरांना विचारावं.

आधीच रद्द करणं हा भित्रेपणा, असंही काही जण म्हणतात. हे ऐकून खरोखर संताप येतो. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर चक्रीवादळाच्या लाटेने प्रवाशांसकट गिळली. शंभराहून अधिक माणसं गेली. २९ ऑक्टोबर २००५ ला हैदराबादच्या पुढे वलिगोंडाजवळ पुराने पूल वाहून गेला होता. पहाटेच्या अंधारात डेल्टा पॅसेंजर तिथेच आली आणि पुन्हा शंभरावर बळी गेले. रद्द झालेल्या गाडीत कुणी मरत नाही.

पाणी उतरलं म्हणजे लाइन मोकळी झाली, असंही नाही. ट्रॅकमन चालत जाऊन रूळ, मोऱ्या, पूल तपासतात, खचलेल्या जागी खडी भरतात. मग पहिल्या गाड्या अगदी हळू सोडतात.

अरबी समुद्रातल्या वादळाचा आपल्याशी संबंध नाही, हेही चूक. जून २०२३ मध्ये बिपरजॉयमुळे पश्चिम रेल्वेने सौराष्ट्र-कच्छकडच्या अनेक गाड्या रद्द केल्या किंवा वाटेतच थांबवल्या. संभाजीनगरवरून जाणाऱ्या रामेश्वरम–ओखा एक्सप्रेसचं एक टोक याच सौराष्ट्रात आहे आणि दुसरं धनुष्कोडीच्या शेजारी.

आता पैशांचं. गाडी रेल्वेनेच रद्द केली, तर पूर्ण भाडं परत मिळतं. ई-तिकीट असेल तर आपण काही करायचं नाही, रक्कम आपोआप खात्यात येते. उलट घाईघाईने स्वतःच तिकीट रद्द केलं तर कपात होते, आणि नेमकी हीच चूक लोक करतात. खिडकीवरचं तिकीट गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत परत करावं. मार्ग बदललेल्या गाडीने जायचं नसेल तरी पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी ई-तिकीटवाल्यांना टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. आणि घाट उतरण्याआधी १३९ वर एक फोन करावा, गाडी सुरू आहे की नाही ते तिथे कळतं.