मोटारींतील विजेचें सॉकेट व शेतकऱ्याचें घर

मोटार म्हणजे माणसें आणि माल एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेण्याचें साधन, एवढीच आपली आजवर समजूत होती. परंतु अलीकडे ज्या विजेवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या आहेत, त्यांपैकीं कांहींत घराच्या भिंतीवर असतें तसेंच सॉकेट मिळतें. त्यांत पंखा लावावा, दिवा लावावा, मिक्सर लावावा. तो चालूं लागतो. भारनियमनानें व वादळवाऱ्यानें गांजलेल्या खेडेगांवांत या सोयीची भुरळ पडणें साहजिक आहे. आणि “ही गाडी घेतली म्हणजे जनरेटर नको कीं इन्व्हर्टर नको,” अशी भाषा आतां पारावरही ऐकूं येते. या सॉकेटपासून काय साधतें, काय साधत नाहीं, आणि कोणत्या चुकीनें तें जीवावर बेततें, याचा विचार वाचकांपुढें मांडावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

कल्पना मुळांत आजची नाहीं. जपानांत टोयोटा कंपनीनें २००१ सालीं पेट्रोल व वीज अशा दुहेरी शक्तीवर चालणारी एस्टिमा गाडी काढली, तींत तेथील घरांप्रमाणें १०० व्होल्टचीं व १५०० वॅटपर्यंत वीज देणारीं सॉकेटें होतीं. पुढें ११ मार्च २०११ रोजीं त्या देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर प्रचंड भूकंप होऊन समुद्र आंत शिरला. लाखों घरें अंधारांत गेलीं आणि पेट्रोलही मिळेनासें झालें. कित्येक ठिकाणीं पेट्रोलच्या आधीं वीज परत आली, त्यामुळें विजेच्या मोटारी मदतकार्यास धांवूं शकल्या. मोटारींत एवढी वीज साठलेली असतांना ती बाहेर काढण्याची सोय हवी, हें तेव्हां सर्वांस पटलें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे २०१२ सालीं, मित्सुबिशी कंपनीनें आपल्या विजेच्या गाडीस जोडावयाची १५०० वॅटची पेटी विक्रीस आणली, व निसान कंपनीच्या लीफ गाडींतून घरास वीज देण्याचें यंत्रही निघालें. अमेरिकेंत फेब्रुवारी २०२१ मध्यें टेक्सास प्रांताचा वीजपुरवठा कडक थंडीनें कोलमडला, तेव्हां फोर्डच्या एफ-१५० या मालवाहू गाडींतील सॉकेटांवर कित्येकांनीं घरचे दिवे व शेगड्या चालविल्या.

आपल्या देशांत २०२३ च्या जानेवारींत ह्युंदाईची आयोनिक ५ ही गाडी आली. तिची बाहेर वीज देण्याची शक्ति ३.६ किलोवॅट आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत टाटांच्या विजेच्या नेक्सॉनची नवी आवृत्ति आली. तिची हीच शक्ति ३.३ किलोव्होल्ट-अँपिअर आहे. या सोयीस ‘व्हेइकल टु लोड’ असें म्हणतात. गाडीच्या बॅटरींतील वीज एकाच दिशेनें वाहणारी असते. गाडींतील इन्व्हर्टर तिचें रूपांतर आपल्या घरांतल्यासारख्या २३० व्होल्ट, ५० सायकल विजेंत करतो.

येथें एक भेद नीट लक्षांत ठेवला पाहिजे. मोटारींतील सॉकेटें तीन प्रकारचीं असतात, आणि तिन्हींची योग्यता फार भिन्न आहे. पहिलें सर्व गाड्यांत असणारें १२ व्होल्टचें गोल सॉकेट. त्यावर सामान्यतः १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे फार तर १२० ते १८० वॅट. मोबाईल, बॅटरी, चाकांत हवा भरण्याचा लहान पंप, एवढेंच त्याचें क्षेत्र. दुसरें, पेट्रोल-डिझेलच्या कांहीं गाड्यांत घरगुती प्लग बसेल असें सॉकेट असतें. तें पाहून फसगत होते, कारण रूप घरचें असलें तरी बळ १०० ते ४०० वॅटांचेंच असतें. कांहीं परदेशी मालवाहू गाड्यांत तर गाडी उभी असतां ४०० वॅट व चालत असतां १०० वॅट, अशीही मर्यादा घातलेली आहे. तिसरा प्रकार वर सांगितलेल्या विजेच्या मोटारींचा. यांचेंच बळ किलोवॅटांत मोजण्यासारखें असतें.

दुसऱ्या प्रकारच्या सॉकेटाचा हिशेब आम्हीं मुद्दाम करून पाहिला. इंजिन बंद ठेवून तें वापरावें तर गाडीची लहान बॅटरी लवकरच उतरते आणि सकाळीं गाडी ढकलावी लागते. इंजिन चालूं ठेवावें तर पेट्रोलची गाडी जागच्या जागीं तासास सुमारें अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलें, तर पन्नास ते शंभर रुपयांच्या इंधनांत १५० वॅटचा एक तास, म्हणजे ०.१५ युनिट वीज हातीं येते. हा भाव युनिटास सुमारें ३३० ते ६६० रुपये पडला. अडल्या वेळीं दहा मिनिटें वापरण्यास हरकत नाहीं; रात्रभर वापरणें म्हणजे दिव्यासाठीं घर जाळण्यासारखें आहे.

विजेच्या मोटारीचा हिशेब मात्र निराळा निघतो. नऊ वॅटचे चार दिवे, पंचाहत्तर वॅटचे दोन पंखे, साठ वॅटचा दूरदर्शन संच व तीन मोबाईल मिळून सुमारें २७५ वॅट होतात. आठ तासांत हीं सव्वादोन युनिटें झालीं. इन्व्हर्टरमधील घट धरून अडीच युनिटें समजूं. गाडीची बॅटरी ४५ युनिटांची असेल तर हा तिचा अठरावा हिस्सा होय. युनिटामागें सात किलोमीटर चाल धरली, तर रात्रभरच्या उजेडाची किंमत सतराअठरा किलोमीटरांचा प्रवास. याखेरीज सॉकेट चालूं असेपर्यंत गाडीची स्वतःची यंत्रणा जागी असते व तीही थोडी वीज खाते; म्हणून एकच मोबाईल लावून गाडी रात्रभर जागी ठेवणें तोट्याचें आहे. कामें एकत्र करून घ्यावींत आणि मग सॉकेट बंद करावें.

घरांत एखादें वृद्ध माणूस प्राणवायूच्या यंत्रावर असेल, तर या सॉकेटाचें मोल पैशांत सांगतां येणार नाहीं. पांच लिटरचें यंत्र सुमारें ३५० वॅट घेतें. आठ तासांस तीन युनिटें पुरतात. शेतावरील कामांतही त्याचा उपयोग आहे. पाठीवरच्या फवारणीपंपाची १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची बॅटरी एकदां भरण्यास पाव युनिटही लागत नाहीं. बांधावर उभ्या केलेल्या गाडीवर दोन पंपांच्या बॅटऱ्या भरून घेतल्या म्हणजे घरची खेप वांचते. वजनकांटा, ड्रिल मशीन, कुंपणाच्या झटका यंत्राची बॅटरी, हींही याच वर्गांत येतात.

आतां काय साधत नाहीं तें सांगतों. विहिरीवरील पंप या सॉकेटावर चालणार नाहीं. आपले बहुतेक कृषिपंप थ्री-फेज ४१५ व्होल्टचे असतात, आणि गाडी देते ती सिंगल फेज वीज. शिवाय पांच हॉर्सपॉवर म्हणजेच ३७३० वॅट. त्यांत मोटरची घट मिळविली कीं गाडीची मर्यादा केव्हांच ओलांडली जाते. सिंगल फेज मोटर असली तरीही सावध असावें, कारण मोटर सुरू होतांना नेहमीच्या चारसहा पट प्रवाह ओढते. एक हॉर्सपॉवरची मोटर चालतांना हजारबाराशें वॅटच घेते, पण सुरुवातीच्या क्षणीं ती गाडीच्या शक्तीबाहेरचें मागते आणि गाडीचें रक्षक यंत्र वीज तोडतें. दूध काढण्याचें यंत्र व कडबाकुट्टी यांच्या बाबतींत हाच अनुभव येण्याचा संभव आहे. शीतकपाटही सुरू होतांना असाच झटका घेतें, परंतु त्याची मोटर लहान असल्यानें तें सहसा निभावतें. किटली, इस्त्री व पाणी तापविण्याचा रॉड यांपैकीं एका वेळीं एकच लावावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हीं शेवटीं राखून ठेवली आहे, आणि ती सांगतांना आम्हांस थोडी लाज वाटते. दोन पावसाळ्यांपूर्वीं वादळानें आमच्या वस्तीचे तीन खांब पडले व दोन रात्री अंधारांत गेल्या. त्यांतच घरीं पाहुणे आले ते विजेची मोटार घेऊन. एकेक उपकरण गाडीस जोडण्यापेक्षां दोन्ही टोकांस पिनांचे प्लग असलेली तार करावी, एक टोक गाडींत व दुसरें ओसरीवरच्या सॉकेटांत घालावें, म्हणजे सारें घर एकदम उजळेल, असा बेत आम्हीं केला. तार तयारही झाली. इतक्यांत शेजारचे तात्या आले. त्यांचें सारें आयुष्य वायरमनकींत गेलेलें. त्यांनीं तार हातांत घेतली व विचारलें, “मेन बंद केलांत?” आम्हीं नाहीं म्हटलें. तात्या म्हणाले, “मग समोरच्या खांबावर तो पोरगा चढला आहे, त्याच्या आईला सांगायला कोण जाणार? तुम्ही कीं मी?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तात्यांनीं तिथेंच विळ्यानें तारेचे दोन तुकडे केले.

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. घरांत उलटी घातलेली वीज मेन चालूं असल्यास मीटरमधून बाहेर गांवच्या तारेंत जाते. डी.पी.वरील रोहित्र ११ हजार व्होल्टची वीज उतरवून आपणांस देतें. तेंच उलट्या बाजूनें वीज मिळाल्यास ती चढवूनही देतें. लाइन बंद आहे या विश्वासावर तारेस हात लावणाऱ्या माणसाचा त्यांत प्राण जातो. भार वाढून गाडीचें रक्षक यंत्र वीज तोडील, असा भरंवसा धरूं नये. तार जवळच तुटलेली असेल तर पुढें भारच नसतो. शिवाय दोन्ही टोकांस पिना असलेल्या तारेचें एक टोक उघडें राहिलें कीं त्या पिनांत जिवंत वीज असते, आणि घरांत मुलें असतात. त्यांत अचानक गांवची वीज परत आली तर गाडीचा इन्व्हर्टर जळतो तो निराळाच. म्हणून अशी तार कोणीही, कसल्याही घाईंत, करूं नये. साऱ्या घरास गाडीची वीज द्यावयाचीच असेल, तर गाडीच्या पुस्तिकेंत तशी परवानगी आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. आणि असल्यास फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. नाहींपेक्षां गाडीपासून बोर्ड ओढून त्यावर उपकरणें थेट लावावीं, हीच निर्धोक रीति होय.

बोर्डाची तारही भाराजोगी असली पाहिजे. ३३०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर चौदा अँपिअरांहून अधिक प्रवाह, त्यास २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार हवी. तार गुंडाळलेली ठेवूं नये, ती आंतल्या आंत तापते. गाडी रबरी चाकांवर उभी असल्यानें तिच्या सॉकेटास घरासारखें जमिनीचें अर्थिंग नसतें. तेव्हां घरांतील गळतीरक्षक स्विच जसें आपणांस वांचवितो तसें येथें होईलच, असें धरून चालूं नये. पावसांत व ओल्या हातानें प्लगास शिवूं नये. गोठ्यांत विशेष जपावें. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या गुरांस माणसास जाणवणारही नाहीं इतक्या थोड्या व्होल्टांची बाधा होते.

पेट्रोलचें इंजिन असलेली कोणतीही गाडी, मग ती दुहेरी शक्तीची कां असेना, बंद पडवींत उभी करून सॉकेट वापरूं नये. दुहेरी गाडीचें इंजिन बॅटरी उतरली कीं आपोआप सुरू होतें, आणि त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग ना वास. निजलेलीं माणसें निजलेलींच राहतात. केवळ विजेच्या मोटारीस हें भय नाहीं.

या सॉकेटासाठींच मोटार घ्यावी काय, असें कोणी विचारील, तर आमचें उत्तर नाहीं असें आहे. दिवे व पंखे यांपुरता साधा इन्व्हर्टर फार स्वस्तांत होतो. परंतु गाडी घ्यावयाचीच आहे, आणि दोन गाड्यांत निवड करावयाची आहे, अशा वेळीं ही सोय जमेस अवश्य धरावी. सॉकेट किती वॅटचें, गाडी बंद असतां चालतें कीं नाहीं, अडॅप्टर गाडीसोबत मिळतो कीं वेगळा घ्यावा लागतो, आणि या वापरानें बॅटरीच्या हमीस बाध येतो काय, हे चार प्रश्न विक्रेत्यास विचारून उत्तरें लेखी घ्यावींत.

शेवटीं एक सूचना. अंधाऱ्या रात्रीं गाडीची सारी वीज घरास देऊन टाकूं नये. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाऊन परत येण्यास लागेल तिच्या दुप्पट वीज नेहमीं शिल्लक ठेवावी. कांहीं गाड्यांत अशी मर्यादा आधींच नेमून ठेवतां येते. तेथवर वीज उतरली कीं सॉकेट आपोआप बंद होतें. घरांतला पंखा थांबला तर एक रात्र उकाड्यांत जाते. पण साप चावलेल्या गड्यास नेण्यास गाडीच उठली नाहीं, तर त्याची भरपाई पुढें कशानेंही होत नाहीं.