रवांडाची स्मृतिस्थळे : अभ्यासदौऱ्यावरील विद्यार्थी तेथे काय पाहतात?

रवांडाची राजधानी किगालीहून दक्षिणेला मोटारीने तासाभराच्या आत न्यामाता हे गाव लागते. तेथील कॅथलिक चर्चमध्ये आता प्रार्थना होत नाही. बाकांवर मृतांच्या कपड्यांचे ढीग आहेत. छताचा पत्रा गोळ्यांनी आणि हातबॉम्बच्या तुकड्यांनी ठिकठिकाणी भेदला असून दिवसा त्या छिद्रांतून उजेडाचे ठिपके आत पडतात. एप्रिल १९९४ मध्ये आसऱ्यासाठी येथे जमलेल्या हजारो तुत्सींची हत्या झाली. परदेशी विद्यापीठांतून अभ्यासदौऱ्यावर येणाऱ्या अनेक गटांच्या कार्यक्रमात न्यामाताचा समावेश असतो.

७ एप्रिल १९९४ पासून सुमारे १०० दिवस हा वंशसंहार चालला. संयुक्त राष्ट्रांच्या मते त्यात ८ लाखांहून अधिक, तर रवांडा सरकारच्या मते १० लाखांहून अधिक लोक मारले गेले. हत्याकांडाला विरोध करणारे हुतूही त्यातून सुटले नाहीत. पुष्कळ ठिकाणी मारेकऱ्यांच्या हाती कोयते आणि दांडकी होती आणि ती चालवणारे शेजारी होते. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर वांशिक गट नोंदवण्यास सुरुवात केली होती. साठ वर्षांनी रस्त्यांवरील नाक्यांवर त्याच नोंदीवरून कोण जगणार हे ठरू लागले. या स्थळांपाशी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी समजून घ्यावी लागते ती कागदावरच्या या रकान्याची गोष्ट.

मुरांबी येथील स्थळ मनाला अधिक जड जाते. टेकडीवरच्या या अर्धवट बांधलेल्या तांत्रिक शाळेत संरक्षणाच्या आश्वासनावर हजारो लोक जमवण्यात आले, त्यांचे पाणी तोडण्यात आले आणि २१ एप्रिल १९९४ रोजी हल्ला झाला. सामूहिक कबरींतून नंतर काढलेले शेकडो मृतदेह चुन्याचा लेप देऊन वर्गखोल्यांत ठेवण्यात आले. मृतांना सन्मानाने मूठमाती मिळावी, असे वाचलेल्यांपैकी अनेकांना वाटते. घडलेले नाकारणाऱ्यांपुढे पुरावा राहावा, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही बाजूंना आप्त गमावलेली माणसे आहेत. बाहेरून आलेल्या पाहुण्याने त्यात निवाडा देण्याचे कारण नाही. मात्र वीस वर्षांच्या मुलामुलींना पूर्वकल्पना न देता त्या खोल्यांच्या दारात उभे करणे ही आयोजकांची चूकच म्हणावी लागेल.

किगालीतील गिसोझी स्मारक २००४ मध्ये खुले झाले. तेथे अडीच लाखांहून अधिक मृतांचे दफन आहे. एका दालनात फक्त लहान मुलांची छायाचित्रे असून खाली मुलाचे नाव, वय, आवडता पदार्थ आणि मृत्यू कसा आला एवढेच लिहिलेले आहे. हाडांच्या राशींसमोर थांबलेले विचार येथे पुन्हा सुरू होतात. आकड्यांमागे एकेक घर होते हे ध्यानात येते. न्यामाता, मुरांबी, गिसोझी आणि बिसेसेरो ही चार स्थळे सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

वाटाड्यांमध्ये वंशसंहारातून वाचलेले लोकही असतात. आपल्याच आप्तांच्या मृत्यूची जागा पुन्हा पुन्हा दाखवणे हे काम सोपे नव्हे, म्हणून प्रश्न विचारताना संयम राखणे हेही शिक्षणच ठरते. अनेक ठिकाणी आतील भागात छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

या दौऱ्यांवर टीकाही होते. सकाळी स्मारक आणि दोन दिवसांनी गोरिला पाहण्याची जंगलसफर, अशा आखणीत दुःख हे प्रेक्षणीय स्थळ बनते. शिवाय स्मारके सांगतात ती प्रामुख्याने सरकारमान्य मांडणी. वंशसंहार थांबवणाऱ्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी केलेल्या हत्यांची मानवी हक्क संघटनांनी नोंद घेतली आहे. तिला या दालनांत जागा नाही. म्हणून निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी न्यायालयीन निकाल वाचलेले बरे. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी अकायेसू खटल्यात दिलेला निकाल हा वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी अशा न्यायालयाने ठरवलेला पहिला दोष होता आणि त्यात बलात्कारालाही वंशसंहाराचे कृत्य मानले गेले.

मृतांची मोजदाद अजून संपलेली नाही. २०१८ मध्ये किगालीजवळ नव्या सामूहिक कबरी सापडल्या आणि मे २०१९ मध्ये ८४ हजारांहून अधिक मृतांच्या अवशेषांचे राजधानीतील न्यान्झा स्मारकात दफन झाले.